धोंडिबाच्या तोंडी घातलेले शब्द

माझा धंदा सिनेमाच्या पडद्याशेजारी उभं राहून बोलण्याचा होता. हे आता सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. माझी नात मला म्हणाली, "आजोबा, पडद्यावरची माणसं बोलत असताना तुम्ही मध्ये कशाला बोलायचात?" पडद्यावरची माणसं तेव्हा मुकी होती हे तिला पटवता पटवता माझीच दमछाक झाली. ओठ हलायचे, हातवारे व्हायचे आणि मध्येच काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं यायची. ती वाचू शकणारी माणसं तंबूत दोन किंवा तीन. गावचा मास्तर, कुलकर्णी आणि तंबूचे मालक शेठ. बाकीच्यांसाठी मी. हातात पत्र्याचा कर्णा घेऊन पडद्याच्या डाव्या अंगाला उभा राहायचो आणि पडद्यावर जितकी माणसं येतील तितक्यांचं बोलायचो. राजा मी, राणी मी, फौजदार मी, रडणारं तान्हं मूलही मीच.

संपादकांनी या अंकासाठी त्या दिवसांतल्या गमतीजमती मागितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत आणि त्या मी लग्नाकार्यात सांगून सांगून झिजवल्या आहेत. पण त्या सांगताना दरवेळी मी डिंगोरे गावाच्या अलीकडे थांबतो. ऐकणाऱ्याला कळत नाही, मला कळतं. या खेपेला डिंगोऱ्यापर्यंत जायचं असं ठरवून लिहायला बसलो आहे.

मी मूळचा पेठ गावचा, गोविंदा. धोंडिबा डिंगोऱ्याचा. आम्ही दोघं एका तमाशाच्या फडात सोंगाडे होतो, म्हणजे लोकांना हसवायचं काम आमचं. मी बुटका आणि तोंडाळ. तो उंच, वाळका आणि तोंडातून शब्द काढायचा तर घामाघूम होणारा. धोंडिबा बोलताना अडायचा. पहिलं अक्षर जिभेवर बसलं की उठायचंच नाही. मेंढरं राखणाऱ्या घरातला तो एकुलता एक. त्याच्या आईनं, बायजा मावशीनं, लहानपणी त्याच्या जिभेला वेखंड घासून घासून चामडं सोलायचं बाकी ठेवलं होतं. वाणी काही सुटली नाही. फडात मात्र त्याचं अडत नव्हतं, कारण तिथं तो बोलायचाच नाही. बोलायचो मी, दोघांचं. तो नुसता पाठमोरा उभा राहून रागवायचा. पाठमोरा, बरं का! त्याच्या पाठीला राग येतो हे मागच्या रांगेतल्या माणसाला दिसायचं. मला हे कधी जमलं नाही, आणि तेव्हा त्याची असूयाही वाटली नाही, कारण टाळ्या दोघांना मिळून पडायच्या.

एका जत्रेत पुण्याच्या एका सिनेमा कंपनीच्या माणसानं आमचा खेळ पाहिला आणि दोघांना उचलून नेलं. दोन मित्र गावाकडून एक मेंढा विकायला शहरात येतात, मेंढा हरवतो, तो शोधता शोधता ते कुणाच्या लग्नात, कुणाच्या माडीत, कुणाच्या हौदात पडतात आणि शेवटी चोरीच्या आळावरून कचेरीत न्यायाधीशापुढं उभे राहतात, अशी गोष्ट होती. सिनेमाचं नाव काहीतरी भारदस्त संस्कृत होतं. आमच्या तालुक्यांत तो 'मेंढ्याचा सिनेमा' म्हणूनच चालला.

शूटिंग उघड्यावर, उन्हात. डोक्यावर पांढऱ्या चादरी ताणलेल्या, म्हणजे ऊन मऊ पडतं. पहिल्याच दिवशी मी तोंडाचा पट्टा सोडला. इतके बिनतोड विनोद मी फडातही केले नव्हते. यंत्र फिरवणारा माणूस हसून हसून बेजार झाला. डायरेक्टरसाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "गोविंदराव, तुम्ही बोलता तेव्हा तुमचं तोंड फार हलतं. चेहरा दिसतच नाही." माझ्या साऱ्या भांडवलाची अशी दोन वाक्यांत राखरांगोळी झाली. तिकडं धोंडिबा नुसता मेंढ्याकडं बघायचा आणि डायरेक्टर म्हणायचे, "वा!"

बाकीच्यांच्या कारकिर्दी इथंच उरकून टाकतो. भाजीवालीचं काम एका मिशा काढलेल्या गृहस्थानं केलं. त्यांना पुढं दोन सिनेमे मिळाले, मग खऱ्या बायका आल्या आणि त्यांनी परत मिशा ठेवल्या. न्यायाधीश झाले होते ते खरोखरच कचेरीतले निवृत्त कारकून होते. त्या खुर्चीत बसल्यावर त्यांना इतकं भरून आलं की उठवत नव्हतं. मेंढ्याची कारकीर्द सगळ्यात छोटी. शेवटच्या दिवशी कंपनीनं जेवण दिलं, त्यात ती संपली. धोंडिबा त्या दिवशी जेवला नाही.

आता कचेरीचा प्रसंग. मी आरोपी, हातात बेड्या. धोंडिबानं पुढं होऊन माझी बाजू मांडायची. तो पांढराफटक पडला. डायरेक्टरना त्यानं खुणेनंच सांगितलं की मला बोलता येत नाही. ते म्हणाले, "अहो, ऐकतंय कोण? वाटेल ते बोला. फक्त ओठ थांबवू नका." यंत्राची करकर सुरू झाली आणि धोंडिबा बोलायला लागला.

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो. यंत्राच्या आवाजात ते शब्द फक्त मलाच ऐकू आले. तो म्हणाला, "ह्यो गोंदा चोर न्हाई. आमच्या गावात मला समदे चिडवायचे. मी तोंड उघाडलं की लहानथोर माजी नक्कल करायचे. ह्यो पेठचा गडी फडात आला आन् यानं येकदाबी माजी नक्कल केली न्हाई. आयशिवाय असं दुसरं मानूस मला भेटलं न्हाई. ह्याला सोडा. काय करायचं ते मला करा."

एकदाही अडला नाही. नळ सोडावा तसा बोलला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते फिल्मवर आहे. डायरेक्टर खूश. "गोविंदराव, आज पहिल्यांदा तुम्ही तोंड न हलवता काम केलंत."

बाहेर आल्यावर धोंडिबानं माझा दंड धरला. "गोंदा, म-म-मी बोललो?"

"बोललास की लेका! घडाघडा बोललास."

"आ-आयला दाखवायला पायजे."

त्याच्या मनात तेवढंच. नाव व्हावं, पैसा मिळावा, काही नाही. आईनं आपल्याला एकदा सरळ बोलताना बघावं. मी त्याला शब्द दिला की सिनेमा आपल्याकडं आला की मावशीला पुढं बसवून दाखवू.

सिनेमा पुण्यात चांगला चालला. कंपनीचं पत्र आलं. मला थोडं वाचता यायचं म्हणून मीच ते धोंडिबाला वाचून दाखवलं. दुसऱ्या सिनेमासाठी धोंडिबाला पाठवा, असं होतं. माझं नाव कुठं राहिलंय का म्हणून मी कागद उलटा करून पाहिला. धोंडिबा म्हणाला, "त-तू न्हाई तर मी बी न्हाई." मी मोठेपणानं म्हणालो, "वेड्यासारखं करू नकोस, जा." तोंडानं म्हणालो.

त्याला निघायला दीडदोन महिने अवकाश होता. तो मेंढरांकडं गेला आणि मी फडाकडं परत जाणार, तेवढ्यात जुन्नरच्या शेठनी मला बोलावलं. त्यांचे आजोबा मारवाडातून आले होते, कापडाचं दुकान होतं. शेठ स्वतः आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायचे. त्यांनी तंबू आणि सिनेमाचं यंत्र घेतलं होतं, आणि मेंढ्याचा सिनेमा गावोगाव दाखवायचा होता. म्हणाले, "गोविंदा, सिनेमा मुका आहे, गिऱ्हाईक मुकं नाही. ते विचारतं, हा काय म्हणाला, ती काय म्हणाली. तू त्यातलाच माणूस. तू बोल."

असा मी बोलका झालो. वाचकांना हे काम सोपं वाटेल. वाचून दाखवायचं, झालं! तसं नव्हतं. पाटीवर चार शब्द यायचे आणि माणूस पडद्यावर वीस शब्दांइतके ओठ हलवायचा. उरलेले सोळा आपल्याला घालावे लागत. ते त्याच्या ओठांबरोबर सुरू व्हायला हवेत आणि ओठांबरोबर मिटायला हवेत. ओठ मिटल्यावर आवाज आला की लोक हसतात, आणि ते हसणं आपलं नसतं. रीळ बदलताना अंधारात पब्लिक चुळबुळतं, तेव्हा काहीतरी सांगत राहायचं. रीळ तुटलं तर गोष्ट तोंडानं पुढं न्यायची आणि जोडल्यावर परत मागं आणायची. हे मला इतकं साधलं की शेठ म्हणायचे, यंत्र नसलं तरी चालेल, गोविंदा पाहिजे.

पडदा म्हणजे जाड मांजरपाट. तंबूच्या मधोमध टांगायचा, पुरुष एका बाजूला आणि बायका पलीकडे, पडद्यामागं. त्यांना सगळं उलटं दिसायचं, उजव्या हाताचा माणूस डावरा व्हायचा, पण त्यांची तक्रार नसायची. पलीकडून चित्र दिसावं म्हणून पडदा पाण्यानं चिंब करावा लागे. आणे गावच्या पठारावर यावरून केवढी रणधुमाळी! तिथं प्यायला पाणी लांबून आणायचं आणि आम्ही दोन घागरी फडक्यावर ओतणार. एक म्हातारी कंबर कसून म्हणाली, "सिनेमा नगं आमाला. त्ये पानी दे हिकडं." शेवटी शेठनी खालून बैलगाडीनं पाणी आणवलं. खेळ संपल्यावर बायकांनी पडदा उतरवून पिळून घेतला आणि ते पाणी गुरांना पाजलं. पठारावरच्या गुरांनीसुद्धा आमचा सिनेमा असा चाखला.

आणखी एक गोष्ट आहे, ती नीट लक्षात घ्या. पुरुषांच्या बाजूला मी सर्वांना दिसायचो. पलीकडच्या बायकांना दिसायचो नाही. त्यांना पडद्यावरची माणसं दिसायची आणि आवाज ऐकू यायचा. त्यांच्यातल्या पुष्कळजणींना तो आवाज चित्रातूनच येतो असं वाटायचं. मला याची मोठी मौज वाटे आणि शेठही कुणाला खुलासा करत नसत.

आणे गावात मी कचेरीच्या प्रसंगाला धोंडिबाचे खरे शब्द बोललो. पाटीवरचं रद्दड भाषण सोडून दिलं. तंबूत नाकं ओढल्याचे आवाज आले. दुसऱ्या दिवशी लोक मला म्हणाले, "तुमी लई भले हायसा, पावणं. मित्रानं येवढं म्हनावं म्हंजी." मला ते आवडलं. त्या भाषणात माझीच स्तुती होती, ते मी कशाला बदलतो!

पेठेला, माझ्या गावात, माझ्या डोक्यात पहिला किडा शिरला. खेळ झाल्यावर चुलते मला म्हणाले, "गोंदा, तुला तर समद्या सिनेमात लाथाच बसत्यात. त्यो डिंगोऱ्याचा गडी शाना दिसतोय आन् तू येडा." सगळी आळी हसली. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला मी शब्द फिरवले. पडद्यावर धोंडिबा कडी काढून खोलीतून सुटायचा, तेव्हा मी कर्ण्यातून त्याला म्हणायचो, "हं, आता डावीकडं फिरव, मी सांगितलं तसं." तो हौदातून मला बाहेर काढायचा तिथं, "बघ, मी मुद्दाम पडलो म्हणून तुला कळलं पाणी किती ते." पडद्यावर तो शहाणा आणि कर्ण्यात मी शहाणा. लोक पोट धरून हसले. शेठनी फक्त एवढंच विचारलं, "आज काहीतरी निराळं होतं का रे?" मी म्हणालो, गावचं पब्लिक, जरा मीठमसाला लागतो.

तिथून नारायणगाव, जुन्नर करत आमच्या गाड्या डिंगोऱ्याला आल्या. धोंडिबा वेशीबाहेर उभा होता. नवं मुंडासं बांधलेलं. मला मिठी मारली आणि बाजूला घेऊन बोलायला लागला. अडत अडत त्यानं सांगितलं ते असं: आईला त्यानं शब्द दिला होता. आये, पुण्याला मी एकदा सरळ बोललो, तू आपल्या डोळ्यांनी बघ. तिला पाटीवरचं कळणार नाही. त्या दिवशीचे शब्द जगात फक्त गोंदानं ऐकलेत, तेव्हा गोंदानंच ते सांगावेत. "त-तसंच सांग. ब-बाकी कायबी कर. त-तेवढं तसंच."

"हे काय सांगायला पाहिजे?" मी म्हणालो.

दिवेलागणीला तंबू गच्च भरला. सगळ्या गावानं धोंडिबाला हार घातले. पाटलांनी त्याला शेजारी घोंगडीवर बसवलं. माझ्याकडं बोट करून पाटलांनी विचारलं, "ह्यो कोन?"

कुणीतरी म्हणालं, "ह्यो बोलनारा."

"मंग बोल म्हनावं."

ह्यो बोलनारा! सिनेमात जेवढा धोंडिबा होता तेवढाच मी होतो. अंधारात माझे कान तापले होते, ते मला अजून आठवतं. खेळ सुरू झाला. धोंडिबा दिसला की आरडाओरडा, शिट्ट्या. मी पेठेतले विनोद काढले तर मागून ओरडले, "गप रं, आमचा धोंडिबा बघू दे!" बोलक्याला गप म्हणणं म्हणजे काय ते दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला समजायचं नाही. दीड तास मी कर्णा धरून उभा होतो आणि माझ्या एकाही वाक्याला हशा नव्हता. सोंगाड्याला हशा नाही मिळाला की त्याला काहीच सुचत नाही, तहान लागल्यासारखं होतं.

कचेरीचा प्रसंग आला. धोंडिबा पडद्यावर पुढं झाला. तंबू शांत. पुढच्या रांगेतून कुणीतरी टवाळ म्हणाला, "आता रं? आता कसं बोलनार ह्यो?" थोडी खसखस पिकली. थोडीच. पण मला ती ऐकू आली. कर्णा तोंडाला लावला तेव्हा खरे शब्द माझ्या जिभेवर होते, हे मी शपथेवर सांगतो.

मी म्हणालो, "ह-ह-ह-ह्यो ग-ग-ग-गों..."

तंबू फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता, पुढंही ऐकला नाही. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. मी थांबलो नाही. पडद्यावर त्याचे ओठ सरळ, न थांबता चालले होते, आणि मी त्या प्रत्येक हालचालीवर एक एक अडखळणं बसवत गेलो. कुठं अक्षर अडकायचं, कुठं डोळे फिरवून सुटायचं, मला सगळं ठाऊक होतं. चार वर्षं त्याच्या शेजारी झोपलो होतो. एकही शब्द ओठांच्या पुढं गेला नाही की मागं पडला नाही. धंद्याच्या दृष्टीनं बोलायचं तर माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईचं काम. ज्या ओठांनी, ह्यानं माझी एकदाही नक्कल केली नाही, असं म्हटलं होतं, त्या ओठांवर मी ही नक्कल चिकटवली. याला कोणतं नाव द्यावं? मी इतकी वर्षं 'जोशात झालं' असं म्हणत आलो. जोशात नव्हतं झालं. मला कळत होतं.

पडद्यापलीकडं कोणी हसलं नाही. पुरुषांचा हशा ओसरल्यावर ते माझ्या लक्षात आलं. धोंडिबानं मान वळवून माझ्याकडं पाहिलंही नाही. तो पडद्याकडंच बघत होता.

खेळ संपला. दिवे लागले. पाटील स्वतः उठून आले आणि माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "वा रं बहाद्दर! लई हसीवलंस, राव!" चारपाच माणसं माझ्याभोवती जमली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बायजा मावशी आली. पदर तोंडाला धरलेला. ती पलीकडं बसली होती. तिच्या लेखी आवाज चित्रातूनच आला होता. तिनं मला हळूच विचारलं, "गोविंदा, पुन्यालाबी त्याचं तसंच झालं व्हय रं? मला तर म्हनला व्हता, आये, येकदा सरळ बोललो. तू तितं व्हतास न्हवं? खरं सांग."

एक वाक्य. मावशी, तो सरळच बोलला, हे अडखळणं माझं. एवढंच बोलायचं होतं. पाटलांचा हात माझ्या पाठीवर होता.

मी म्हणालो, "व्हय मावशी. तसंच झालं."

तिनं मान हलवली आणि गेली. नक्कल केली ते वाईट होतंच, पण ती नक्कल तरी तंबूभर लोकांसमोर, हशाच्या नादात. हे दोन शब्द मी शांतपणे बोललो. मुलगा आईशी खोटं बोलला असं मी तिला सांगितलं, आणि त्याचं कारण काय, तर पाटलांनी पाठीवरचा हात काढून घेऊ नये. धोंडिबा घोंगडी झटकून खांद्यावर टाकून निघून गेला होता. सकाळी आमच्या गाड्या हलल्या. त्याच्या घरावरून गेलो. मी ताडपत्रीखाली झोपल्याचं सोंग केलं.

धोंडिबा पुण्याला गेला नाही. कंपनीचा माणूस डिंगोऱ्याला येऊन हात हलवत परतला. त्याची सिनेमातली कारकीर्द एका सिनेमाची. मेंढ्याइतकीच म्हणा ना.

माझी लांबली. बोलपट आले, तेव्हा माझ्या तोंडाला पुन्हा भाव आला. कारकून, भटजी, हमाल, शेजारी अशी बारीकसारीक पुष्कळ कामं केली. नाव झालं ते एकाच कामानं. अडखळत बोलणाऱ्या नोकराचं. पहिल्या बोलपटात ते इतकं गाजलं की पुढं लोक माझ्यासाठी तसाच नोकर लिहायला लागले. मी ते काम तीनदा केलं आणि लोक रस्त्यात मला थांबवून म्हणायचे, करून दाखवा. मी करून दाखवायचो. ही नक्कल कुठून उचलली, असं एका पत्रकारानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, निरीक्षण. 

दहाबारा वर्षं मी डिंगोऱ्याच्या वाटेला गेलो नाही. मग शेठ वारले, त्यांच्या घरी जुन्नरला गेलो होतो. तिथं शेठच्या मुलाकडून कळलं की धोंडिबाची आईही त्या वर्षी गेली. दुसऱ्या दिवशी मी चालत डिंगोऱ्याला निघालो. वाटेत माफीचं भाषण तयार केलं. चांगलं झालं होतं. बोलण्याचाच धंदा!

तो गावाबाहेर माळावर मेंढरं घेऊन बसला होता. डोक्याचे केस पांढरे. मला पाहिलं, ओळखलं, आणि शेजारची जागा हातानं झाडली. मी बसलो. "धोंडिबा, त्या दिवशी..." असं मी सुरू केलं. त्यानं हात वर केला. त्याला बोलायचं होतं.

ते बोलणं जसं झालं तसं मी इथं लिहीत नाही. अडखळणं कागदावर उतरवण्याचं काम मी आता करणार नाही. एक एक शब्द यायला वेळ लागत होता आणि मी दातांवर दात धरून थांबलो होतो. त्यानं सांगितलं, "तुमी गेला त्या दिशी सकाळी आयनं इचारलं, तू तितं काय बोलला व्हतास, त्ये मला सांग. मी सांगाय बसलो. मेंढरं वाड्यातनं दुपारपत्तुर सोडली न्हाईत. म्हातारी बसून ऱ्हायली. समदं ऐकलं तिनं."

"समदं?"

"समदं."

"माझ्याबद्दल बोललास, ते पण?"

"त्येबी."

मी विचारलं, "आणि तंबूतला आवाज माझा होता, हे सांगितलंस का तिला?"

त्यानं मान हलवली. नाही. "म्हनलो, यंतर अडकत व्हतं. मी सरळच बोललो. गोंदा तसंच झालं म्हनला, त्याला गडबडीत कळलं नसंल."

 तो मेंढरांकडं बघत होता. मग म्हणाला, "आय म्हनली, गोविंदासारखा गडी मिळाला, तुजं नशीब. त्याला येकदा जेवाय बोलव. जाईस्तवर इचारायची, गोविंदा कसा आला न्हाई?"

वाटेत तयार केलेल्या भाषणातलं एक अक्षर मला आठवेना. धोंडिबा उठला, घोंगडी उचलली आणि म्हणाला, "चल. जेवून जा."

मी त्याच्या मागोमाग गेलो. त्याच्या बायकोनं भाकरी वाढली, कालवण वाढलं. त्यानं तिला सांगितलं, "ह्यो गोंदा." तिनं लगेच डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "सासूबाई लई नाव काढायच्या तुमचं." मी जेवलो. पुन्हा वाढलं, तेही खाल्लं. निघेपर्यंत मला मान वर करता आली नाही.